'सई' नावाचा नेमका अर्थ काय?

नवी_आत्या: रविवारी भाचीचं बारसं. कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान माझा! वहिनीनं 'सई' ठरवलंय. आई म्हणते, "सही केल्यासारखं वाटतं, अर्थ काय त्याचा?" दादाच्या मते 'आठवण'. कोण बरोबर?

जुना_मास्तर: दादाची 'सय'शी गल्लत होतेय. माहेरची सय येते, ती आठवण. सई म्हणजे सखी, मैत्रीण. संस्कृतात सखी, प्राकृतात सही, पुढे 'ह' गळून सई. मेघाचा मेह झाला, मुखाचं मुह, तसंच. म्हणजे आईंच्या कानाला 'सही' लागली ती अगदीच चूक नाही! हाल राजाच्या 'गाहा सत्तसई' या प्राकृत गाथासंग्रहात बायका मैत्रिणीला 'सहि' अशीच हाक मारतात. (त्या शीर्षकातली सई मात्र निराळी. ती 'शती'वरून आली, सातशे गाथा म्हणून.)

फलटणची_माहेरवाशीण: आणि सईबाईंना विसरलात? शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, संभाजीराजांच्या आई, आमच्या फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या. १६५९ मध्ये राजगडावर वारल्या, तेव्हा बाळराजे जेमतेम दोन वर्षांचे.

सईची_आई: इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवा बाई. आम्ही एस-ए-आय लिहिलं, तर लसीच्या कार्डावर 'साई' आणि पुढे 'मुलगा'! आता शेवटी दोन ई लावतो.

नवी_आत्या: आईला वाचून दाखवलं. "मैत्रीण होय? मग असू दे," म्हणाली, आणि घुगऱ्यांना हरभरे किती लागतील ते मोजायला बसली.