कल्टिव्हेटरच्या फ्रेमला तडा: ट्रकचा पाटा जोडून मजबुती येईल का?

काळीरान_मोहोळ
२२ एचपीचा ट्रॅक्टर, मागे ५ फणी कल्टिव्हेटर. फ्रेम एकेरी ५० × ५० × ६ अँगलची. मागच्या आडव्या अँगलला मधोमध, टॉप लिंकचा (ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याचा) खांब वेल्ड केलाय त्याच्या अगदी कडेला तडा गेलाय. दीड इंच लांब दिसतो, आणि अँगल १५ मिमी मागे वाकलाय. रान काळं, मध्ये एका पट्ट्यात चुनखडी वर आलेली. तूर निघाल्यावर धसकटात फण अडकतात.
घरचं भंगार: ट्रकच्या स्प्रिंगचे दोन पाटे (७० मिमी रुंद, १० जाड), जुन्या शेडचे ५० चे अँगल, १६ ची सळई, यंत्रमागाची एक बाजू. विचार असा आहे की पाटा मागच्या उभ्या अंगाला चिकटवून पूर्ण लांबीत वेल्ड करायचा, सळईचे तिरके आधार द्यायचे, आणि फणाचे बोल्ट सारखे तुटतात म्हणून ट्रकचे कडक बोल्ट घालायचे. चालेल का?

ठिणगी
दादा, तिन्हीतलं एकही नको. अँगल मात्र अगदी कामाचे आहेत.

पाट्याचं आधी सांगतो. तो स्प्रिंगचा पोलाद, कार्बन साध्या लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट. साध्या ६०१३ वेल्डिंग रॉडने त्यावर टाका मारला की वेल्डच्या बाजूची रेघ भराभर थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते. दिसायला वेल्ड छान, पण पहिल्या धसकटाला कडेने सुटतो. करायचंच तर २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून, ओव्हनमध्ये वाळवलेला ७०१८ रॉड वापरून, नंतर राखेत गाडून हळू थंड करावं लागतं. चार फूट लांबीला हे शेतात होत नाही.

दुसरं, पाटा "कडक" म्हणून फ्रेम कमी वाकेल हा गैरसमज आहे. सगळं पोलाद सारख्याच भाराला सारखंच लवतं, फरक फक्त कायमचं वाकण्याआधी किती सोसतं यात. लवणं कमी करायचं असेल तर आकार बदलावा लागतो. तुम्ही म्हणता तसा लावला तर ओढीच्या दिशेला पाट्याची फक्त १० मिमी जाडी येते. तीच पट्टी आडवी पाडून ७० मिमी ओढीच्या दिशेला धरली, तर एकट्या पट्टीचा ताठपणा ४९ पट होतो. वजन तेवढंच.

आता दुरुस्ती. वाकलेला अँगल जॅकने थंडच सरळ होईल, १५ मिमी फार नाही. पण त्याआधी तडा बघा. दिसतो दीड इंच, असतो जास्त. रंग खरवडा, डिझेल लावा, १० मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. तड्यातलं डिझेल खडूवर काळ्या रेघेसारखं उमटतं. ती रेघ जिथे संपते त्याच्या थोडं पुढे ६ मिमीचं छिद्र पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने तड्याची व्ही खाच पार तळापर्यंत उघडा. पहिला थर २.५ च्या रॉडने, वरचे ३.१५ ने, १०० ते १२० अँपिअरवर. प्रत्येक थरानंतर स्लॅग (वेल्डवरची खपली) पूर्ण काढा. नुसतं वरून भरलं तर आतला तडा तसाच राहतो आणि हंगाम संपायच्या आत परत वर येतो.

नंतर मजबुती. शेडचा अँगल उलटा घालून फ्रेमच्या अँगलची ५० × ५० ची बंद पेटी करा. एकेरी अँगल पिळाला फार कच्चा. कडेचा फण अडकला की फ्रेम आधी पिळते, मग वाकते. पेटी झाली की पीळ जवळपास थांबतो. वजन मीटरला साडेचार किलोच वाढतं. सलग वेल्ड ओढू नका. ५० मिमी वेल्ड, १०० मिमी मोकळं, एकदा वरच्या शिवणीवर, एकदा खालच्या. एकाच बाजूने करत गेलात तर फ्रेम केळ्यासारखी वाकते.

खांबाच्या बुडाशी ६ मिमी पट्टी लावा, पण चौकोनी नको, पतंगाच्या आकाराची. लांब बाजूंनी वेल्ड, टोकांवर आडवा वेल्ड नाही. तुमचा मूळ तडा आडव्या वेल्डच्या कडेलाच गेलाय बघा. जाडही करू नका. १२ ची पट्टी घातली की ती हलत नाही, आणि शेजारची ६ ची जागा तुटते.

काळीरान_मोहोळ
पेटीचं पटलं. मग पाटे भंगारातच घालू का? सळई आणि बोल्टचं कोणी सांगेल का?

कोरडवाहू_मंगळवेढा
पाटे देऊ नका हो! कुळवाची पास (आडवं पातं) आणि कल्टिव्हेटरचे फाळ यासाठी त्यासारखं लोखंड नाही.

पाट्याला मधल्या बोल्टच्या छिद्राजवळ बारीक तडे असतात, खडूची परीक्षा तिथेही करा. छिद्राच्या दोन्ही बाजूचे ३ इंच सोडूनच तुकडा घ्या. थंड पाट्यावर ड्रिल घासून जातं, भोक पडत नाही. म्हणून आधी भट्टीत लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवा. सकाळी ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं. भोकं आणि धार याच अवस्थेत करून घ्या.

नंतर पाणी पाजायचं, म्हणजे धार कडक करायची. म्हणायला पाणी, पण या लोखंडाला खरं पाणी दाखवायचं नाही, चिरतं. तेल घ्या, जळकं इंजिन ऑइल चालतं. धारेकडचे दोन इंचच तापवा, भोकांचा भाग मऊ राहू द्या, नाहीतर बोल्टपाशी तुटेल. चुंबक चिकटायचं थांबलं की त्याहून किंचित जास्त तापवून तेलात बुडवा आणि हलवत राहा. पत्र्याची टाकी, झाकण हाताशी, कारण तेल पेटतं. प्लास्टिकची बादली अजिबात नको.

इतक्यावर सोडलं तर दगडाला लागून टवका उडेल. म्हणून धारेची कड पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवा. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा रंग सरकत येतो. निव्वळ काळ्या रानाला निळ्यावर थांबा. तुमच्यासारखी चुनखडी असेल तर निळा जाऊन राखाडी यायला लागेपर्यंत. धार जरा लवकर जाईल, पण शेवटून (पुन्हा धार काढून) घेता येते. तुटलेली पास शेवटता येत नाही.

नटबोल्ट
सळईचं: टीएमटीचं (बांधकामाच्या सळईचं) बाहेरचं कडं कडक, आतला गाभा मऊ. लाल करून वाकवली की कडं मऊ पडतं आणि ताकद जाते. शिवाय बारीक सळई ओढ सोसते, दाब आला की धनुष्यासारखी फुगते. कल्टिव्हेटरच्या तिरक्या आधाराला दोन्ही येतात, तिथे अँगलच लावा. थ्री पॉइंटची (अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतात त्याची) पिन सळईची करणं तर साफ चूक. लहान ट्रॅक्टरची खालची पिन बहुधा २२ मिमी, वरची १९, तयार विकत घ्या. सळई लावा कोंबड्यांच्या खुराड्याला, वेलाच्या मांडवाला.

बोल्टचं जास्त महत्त्वाचं. स्प्रिंग नसलेल्या कडक फणाला दोन बोल्ट असतात, त्यातला एक तुटण्यासाठीच असतो. तो सारखा तुटतोय म्हणजे आपलं काम करतोय. डोक्यावर ४.६ (ताकदीचा आकडा) लिहिलेला असेल तर तेवढाच घाला. ८.८ ची ताकद दुप्पट, ट्रकचे बोल्ट त्याहून वर. तो तुटला नाही की धक्का फण, फ्रेम, खालचा आर्म असा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टपर्यंत जातो. वीस रुपयांचा बोल्ट वाचवून लिफ्ट उघडायची वेळ येते. तुमचा तडासुद्धा एखाद्या कडक बोल्टमुळे नाही ना, पाचही डोकी पुसून बघा. फारच तुटत असतील तर स्प्रिंगचे फण बघा, किंवा धसकटात एक इंच कमी खोल चाला.

यंत्रमागाची बाजू बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. ग्राइंडर लावा, ठिणगी आखूड आणि मंद लाल पडेल. साध्या लोखंडाची लांब सरळ असते, पाट्याची फुलबाजीसारखी फुटते. बीड ठिसूळ, साध्या रॉडने जोडत नाही. पण वजनदार आहे, मैंदावर (रान सपाट करायच्या जड फळीवर) बांधायला उत्तम.

ठिणगी
दोन गोष्टी राहिल्या. फ्रेम ट्रॅक्टरला जोडलेली असताना वेल्ड करू नका. सोडता येत नसेल तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ, हातभर अंतराच्या आतच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो. आणि शेडचे अँगल गॅल्व्हनाइज्ड असतील तर वेल्डच्या जागेचा जस्ताचा थर दोन्ही बाजूंनी इंचभर घासून काढा, काम उघड्यावर करा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

काळीरान_मोहोळ
डोकी पुसली. तीन ४.६ आहेत, दोनांवर १०.९.

नटबोल्ट
सापडलं मग. ते दोन्ही आजच काढा. पेटी बंद करताना खालच्या बाजूला दोन्ही टोकांना ६ मिमीची छिद्रं ठेवा, आत साचलेलं पाणी निघायला.