मदत हवी आहे: आडव्या पडलेल्या म्हशीला शिरेतून कॅल्शियम देताना सुई निसटते

इंटर्न_शिरवळ
शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून इंटर्नशिपसाठी कोल्हापुरात आलोय. इथे केसेस बहुतेक म्हशींच्या, त्यात पंढरपुरी जातीच्या बऱ्याच. गाईची मानेची शीर सापडते, म्हशीची हाताला लागते पण सुई आत राहत नाही. दुग्धज्वरानं (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून) आडव्या पडलेल्या म्हशीला कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली लावायची तर नेमकं काय सांभाळायचं?

गोठा_करवीर
आधी शिंगं बघ. पंढरपुरीची शिंगं मागं खांद्यापर्यंत जातात. मान झटकली की टोक सरळ तुझ्या अंगावर. उजवी शीर घ्यायची तर म्होरकीचा दोर डावीकडे ओढून मागच्या पायाला बांध आणि एक माणूस फक्त शिंग धरायला ठेव. मालकाला बाटली धरायला लावू नकोस, त्याचं सगळं लक्ष म्हशीच्या तोंडाकडे असतं.

केस काढून स्पिरिट लाव. मानेच्या खाचेत खाली अंगठा दाबून धर, वर शीर फुगते. दुसऱ्या हातानं टिचकी मारली की लाट अंगठ्याला कळते. सुई १४ किंवा १६ गेज जाडीची, दीड-दोन इंची. चूक इथे होते: म्हशीचं कातडं जाड, म्हणून एकाच झटक्यात कातडं आणि शीर दोन्ही गाठायला जातात आणि सुई शिरेच्या पार जाते. आधी फक्त कातडं फोड, मग सुई तिरकी करून शिरेत घाल आणि मुळापर्यंत सरकव. टोकच आत असेल तर एका हालचालीत बाहेर येणार.

गडद रक्त संथ धारेनं आलं तर ठीक. लालभडक, उडत आलं तर धमनी आहे, काढ आणि दाबून धर. नळीतली हवा काढूनच जोड, आणि अंगठा सोडायला विसरू नकोस. मध्येच बाटली खाली धर, नळीत रक्त आलं म्हणजे सुई जागेवर. मान फुगायला लागली तर तिथंच थांब. कॅल्शियम शिरेबाहेर गेलं की सूज येते, जागा सडूसुद्धा शकते.

स्टेथो_कानात
सुईपेक्षा घाई जास्त जनावरं मारते. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आण आणि किमान १०-१५ मिनिटं घे. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागं सतत हवा. ठोके मंदावले किंवा चुकायला लागले की बंद, लय सावरली की आणखी हळू. एकाच बाटलीतलं अर्धं शिरेतून, अर्धं कातड्याखाली द्यायचं असेल तर ती साध्या कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची हवी. डेक्स्ट्रोज (साखर) असलेली कातड्याखाली नाही.

त्याआधी थर्मामीटर. दुग्धज्वरात नावाला ज्वर, प्रत्यक्षात अंग आणि कान गार, तापमान बहुधा १०० फॅरनहाइटच्या खाली. १०४ भरला तर कास आणि गर्भाशय तपास. विषारी कासदाहात हृदय आधीच खचलेलं असतं, तिथे कॅल्शियम घातक ठरतं.

वाडी_दवाखाना
दोघांनी सांगितलं त्यात भर: गूळपाणी वा औषध तोंडावाटे पाजू देऊ नकोस. गिळता येत नसतं, फुप्फुसात जातं. आणि लाळ गाळणाऱ्या, न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात कधीच नाही, रेबीज असू शकतो. तुझे आगाऊ लसीचे डोस (०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस) झालेत का?

इंटर्न_शिरवळ
दोन झालेत, तिसरा राहिलाय, घेतो. बाटली संपल्यावर गुण येतोय हे कशावरून ओळखायचं?

स्टेथो_कानात
अंग थरथरतं, ढेकर येते, शेण टाकते, कोरडी नाकपुडी ओली होते. काही लगेच उठतात, काही दोन-तीन तासांनी. आडवी पडू न देता छातीवर बसव, पोत्यांचा टेका दे, नाहीतर पोट फुगतं. खाली पाचट जाड पसर आणि दर तीन-चार तासांनी कूस बदल. ८-१२ तासांत उठली नाही तर पुन्हा नीट तपासूनच दुसरा डोस.

गोठा_करवीर
मालक कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर (गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात तिथं) म्हैस नेणारा असेल तर त्याला आत्ताच बजाव: पहिला दिवस कास पूर्ण पिळायची नाही, वासराला लागेल तेवढंच काढायचं. उठली की लगेच धारेला बसतात, दुधावाटे कॅल्शियम जाऊन म्हैस पुन्हा पडते, आणि संध्याकाळी परत फोन येतो.