साडेसहा फुटांच्या फळीवर शंटिंगची मांडणी: आराखडा, वीजजोडणी आणि खेळण्याची पद्धत

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या आराशीसाठी म्हणून आमच्या घरी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची, एक छोटी रेल्वेगाडी आणली होती. ती वर्तुळात फिरताना पाहण्याची हौस आता फिटली आहे. मुलांनाही तिसऱ्या फेरीनंतर त्यात रस उरत नाही. म्हणून गाडी फिरवण्याऐवजी फक्त शंटिंग करता येईल, म्हणजे वाघिणी (मालगाडीचे डबे) तोडायच्या, जोडायच्या आणि ठरलेल्या जागी नेऊन उभ्या करायच्या, अशी कायमची मांडणी करण्याचा विचार आहे. अभ्यासिकेच्या भिंतीवर साडेसहा फूट लांब आणि एक फूट रुंद फळी बसू शकते. त्याहून अधिक जागा मिळण्याची शक्यता नाही.

वाचनातून इंगलनूक आणि टाइमसेव्हर हे दोन आराखडे वारंवार समोर आले. माझ्या जागेत यांपैकी कोणता घ्यावा, एचओ सोडून त्याहून लहान अशा एन मापाकडे वळावे का, आणि एकाच इंजिनासाठी डीसीसीचा (रुळांतूनच इंजिनाला डिजिटल आज्ञा देणाऱ्या यंत्रणेचा) खर्च करण्यात काही अर्थ आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. शिवाय ही मांडणी परदेशातील एखाद्या गावाची न वाटता आपल्या कोल्हापूरच्या मालधक्क्याची वाटावी, अशी इच्छा आहे. त्यासाठी कोणता काळ निवडावा, तेही कृपया सांगावे. सर्वांत मोठी शंका मात्र वेगळीच आहे: दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) आणि तीन रूळ एवढ्यावर माणसाचे मन किती दिवस रमेल?

फाउलिंग मार्क

आपल्या जागेत इंगलनूकच करावा, आणि हे मी केवळ जागा कमी आहे म्हणून सांगत नाही. ॲलन राइट या ब्रिटिश हौशी कारागिराच्या या आराखड्यात तीन साइडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करण्याचे बाजूचे रूळ, असतात. लांब साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन साइडिंगमध्ये प्रत्येकी तीन, आणि शंटिंग नेकमध्ये, म्हणजे सगळ्या साइडिंग जिथून फुटतात त्या पुढे-मागे करण्याच्या रुळावर, इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ ठेवायच्या, त्यांच्या चिठ्ठ्या पिसून पाच उचलायच्या आणि त्या पाच वाघिणींची गाडी चिठ्ठ्यांच्या क्रमाने लांब साइडिंगमध्ये उभी करायची, एवढाच खेळ आहे. आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, आणि आधीच्या डावात वाघिणी जिथे उभ्या राहिल्या तिथूनच पुढचा डाव सुरू होत असल्याने दोन डाव सारखे होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मन रमण्याच्या शंकेला माझे हेच उत्तर आहे.

टाइमसेव्हर हा अमेरिकेतील जॉन ॲलन यांचा आराखडा. त्यात पाच सांधे आणि मधोमध इंजिन वळसा घालून दुसऱ्या टोकाला नेण्याची सोय आहे. कोडे म्हणून तो उत्तम आहे, पण खरी रेल्वे यार्ड बांधताना हालचाली कमी कशा होतील हे पाहते आणि टाइमसेव्हर त्या मुद्दाम वाढवतो. तो खेळताना मालधक्क्यावर काम केल्यासारखे वाटत नाही, घड्याळाशी झुंजल्यासारखे वाटते. हे माझे मत आहे, अनेकांना ते पटत नाही.

आता मापे पाहू. एचओ म्हणजे १:८७. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची लांबी १७.१२ मीटर आहे, म्हणजे प्रतिकृती सुमारे १९.७ सेंमी भरेल. बॉक्सएन ही वरून उघडी वाघीण कपलरसह (डबे जोडणाऱ्या आकड्यासह) १०.७१३ मीटर, म्हणजे १२.३ सेंमी. कपलरमधील सैलपणा धरून प्रत्येक वाघिणीला १३ सेंमी द्यावेत. त्या हिशेबाने शंटिंग नेक ५९ सेंमी आणि लांब साइडिंग ६५ सेंमी होते. पेको या ब्रिटिश कंपनीच्या लहान त्रिज्येच्या सांध्याची लांबी १८.५ सेंमी असते. सांधा संपला की लगेच वाघीण उभी करता येत नाही, कारण तिथे दोन रूळमार्गांच्या मध्यरेषांत जेमतेम अडीच सेंमी अंतर असते आणि शेजारून जाणारी वाघीण उभ्या वाघिणीला घासते; त्यामुळे पुढे आणखी ८ ते १० सेंमी सोडून तिथे फाउलिंग मार्क आखावा लागतो. पहिल्याच सांध्यातून लांब साइडिंग बाजूला काढली आणि दुसरा सांधा उरलेल्या फाट्यावर टाकून तिथून दोन आखूड साइडिंग काढल्या, तर एकूण लांबी सुमारे दीड मीटर होते. म्हणजे आपल्या फळीवर एचओ आरामात बसते, एन मापाची गरज नाही.

फळीवर यानंतरही जवळपास ४५ सेंमी जागा शिल्लक राहील आणि ती पाहून नेक लांबवण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. नेकमध्ये चौथी वाघीण मावू लागली की सगळी अडचण निघून जाते आणि अडचणीबरोबर खेळही जातो. ती जागा गोदाम, वडाचे झाड, बैलगाड्या यांना द्यावी.

मिरज बाजू

माझी नोकरी मालगाड्यांच्या यार्डात गेली, म्हणून काळाच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. वर बॉक्सएनची मापे दिली आहेत ती अचूक आहेत, परंतु बॉक्सएनचा संपूर्ण रेक (वाघिणींची अखंड माळ) एकाच मालाने भरून एकाच ठिकाणी जातो. त्यातील एकेक वाघीण तोडून वेगवेगळ्या धक्क्यांवर लावण्याचे काम सहसा नसते. सुट्या वाघिणींची वाहतूक रेल्वेने ऐंशीच्या दशकापासून क्रमाने आवरती घेतली. आपल्याला शंटिंगच करायचे असेल, तर काळ त्याआधीचा, सत्तरच्या दशकातील, धरावा. बंद आणि उघड्या चारचाकी वाघिणी, स्क्रू कपलिंग, बाजूचे बफर आणि शेवटी गार्डचा ब्रेकव्हॅन, असा तो थाट होता.

कोल्हापूर-मिरज मार्ग कोल्हापूर संस्थानाने १८९१ मध्ये मीटरगेजवर सुरू केला आणि त्याचे ब्रॉडगेज १९७१ च्या सुमारास झाले. मीटरगेज दाखवायचे तर एचओमध्ये १२ मिलिमीटरचा रूळ लागतो आणि तो महाग पडतो, त्यामुळे गेजबदलानंतरची पहिली काही वर्षे हा व्यवहार्य पर्याय आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे असल्याने एचओमध्ये खरा रूळ १९.३ मिलिमीटर रुंद हवा आणि बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा आहे. फळी छातीच्या उंचीवर बसवली आणि मांडणी बाजूने पाहिली, तर हा फरक डोळ्यांत भरत नाही.

मालाचा विचार करताना कोल्हापूर म्हटल्यावर गूळ आलाच. गुळाच्या बाजारपेठेवरून या मार्गावरील एका स्थानकाला गुर मार्केट हे नावच मिळाले आहे. एका साइडिंगवर गुळाचे गोदाम, दुसरीवर फाउंड्रींसाठी येणारा कोळसा आणि पिग आयर्न (कच्चे ओतीव लोखंड) उतरवण्याचा धक्का, आणि लांब साइडिंगवर मिरजेकडे निघणारी गाडी, अशी वाटणी करता येईल. मग चिठ्ठ्यांवर नुसते आकडे न लिहिता व्यापाऱ्याचे इंडेंट (वाघिणीची मागणी) लिहावे: अमुक गोदामाच्या दुसऱ्या दारासमोर एक बंद वाघीण हवी. दार चुकले तर ते काम झाले असे धरू नये. रिकामी झालेली वाघीण पुढच्या डावातही धक्क्यावरच राहिली, तर तिच्यावर डॅमरेज (वाघीण अडवून ठेवल्याचा दंड) लावावे. या एका नियमाने खेळणाऱ्याची विचार करण्याची पद्धतच बदलते, कारण कोणती वाघीण आधी सोडवायची हे त्याला इंजिन हलवण्यापूर्वी ठरवावे लागते.

वेगाबद्दल एक आग्रहाची विनंती आहे. शंटिंगमध्ये वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटर असते. एचओमध्ये त्याचा हिशेब सेकंदाला ४.८ सेंमी होतो, म्हणजे आपल्या दीड मीटरच्या मांडणीत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा मिनिट लागला पाहिजे. बहुतेक घरांत इंजिन याच्या चौपट वेगाने धावताना दिसते आणि मग खेळ दोन मिनिटांत संपला अशी तक्रार होते. दोघांनी खेळायचे असेल तर एकाने ड्रायव्हर व्हावे, दुसऱ्याने पॉइंट्समन (सांधे बदलणारा), आणि बोलण्याऐवजी हातांनी खुणा कराव्यात. हिरवी झेंडी सावकाश वर-खाली हलवली की गाडी खूण करणाऱ्यापासून दूर न्यायची, अंगासमोर आडवी हलवली की जवळ आणायची, आणि लाल दिसली की जागीच थांबायचे. मुले हे फार लवकर शिकतात.

राजारामपुरीकर

फाउलिंग मार्क, आपले आभार. मिरज बाजू काका, डॅमरेजची कल्पना घरात सर्वांना फार आवडली. काळ सत्तरचाच ठरवतो. चारचाकी वाघिणी आखूड असल्याने नेकची लांबी आता त्यांच्या प्रत्यक्ष मापाने ठरवीन. वीजजोडणी, कपलर आणि पावसाळा यांविषयी कोणी लिहिले तर बरे होईल. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाच ओल असते.

उद्यमनगरी

एका इंजिनासाठी डीसीसी आवश्यक नाही. आवाज आणि दिव्यांची हौस असेल तर जरूर घ्यावे, पण शंटिंग चांगले होण्यासाठी खर्च करायचाच असेल तर तो मंद वेगात न अडखळणाऱ्या इंजिनावर आणि चांगल्या १२ व्होल्ट डीसी कंट्रोलरवर करावा.

खरा प्रश्न सांध्याच्या क्रॉसिंगचा, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाचा, असतो. ज्या सांध्यात क्रॉसिंगचा भाग प्लॅस्टिकचा असतो, तिथे आखूड इंजिनाच्या एक-दोन चाकांचा वीजपुरवठा तुटतो आणि सेकंदाला पाच सेंमी वेगाने जाणारे इंजिन तिथेच थांबते. वेगात ते पार झाले असते, म्हणून वर्तुळात गाडी फिरवणाऱ्याला हा दोष कधी कळत नाही. क्रॉसिंग धातूचे आणि वीजवाहक असलेले सांधे घ्यावेत आणि सांधा बदलला की क्रॉसिंगची ध्रुवताही बदलेल असा छोटा स्विच त्याच दांडीला जोडावा. इंगलनूकमध्ये सगळे मार्ग एकाच नेकमधून फुटतात, त्यामुळे वीजही नेकच्या बाजूनेच द्यावी. साइडिंगच्या टोकांकडूनही वीज द्यायची झाली, तर क्रॉसिंगपुढच्या दोन आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड घालणे अनिवार्य आहे, नाहीतर शॉर्टसर्किट होईल.

कपलर केडी कंपनीच्या कपलरसारखे, चुंबकाने सुटणाऱ्या नकल (वाकवलेल्या बोटासारख्या आकड्याच्या) प्रकारचे घ्यावेत. ते सत्तरच्या स्क्रू कपलिंगसारखे दिसत नाहीत, परंतु हातांनी चालवण्याच्या मांडणीत दिसण्यापेक्षा भरवसा महत्त्वाचा आहे. रुळांमध्ये चुंबक ठेवला की त्यावर थांबून थोडी ढील देताच जोड सुटतो आणि मग ती वाघीण पुन्हा न जोडली जाता पुढे ढकलत नेता येते. यात एक अडचण आहे: चाकांचे आस लोखंडी असतील तर चुंबक त्यांनाही ओढतो आणि हलकी वाघीण आपोआप सरकते. मला विचाराल तर चुंबकापेक्षा बांबूची बारीक टोकदार काडी बरी. ती दोन कपलरच्या मध्ये घालून फिरवली की काम झाले, आणि पॉइंट्समनच्या भूमिकेतील व्यक्तीला हातात काहीतरी काम मिळते.

वाघिणीचे वजन पुरेसे नसेल तर यातले काहीच नीट चालणार नाही. अमेरिकेतील एनएमआरए या संस्थेची एचओसाठीची शिफारस २८ ग्रॅम अधिक दर सेंमी लांबीला सुमारे ५.६ ग्रॅम अशी आहे, म्हणजे दहा सेंमीच्या चारचाकी वाघिणीला ८४ ग्रॅम. वजन भरण्यासाठी शिसे किंवा पितळेचे तुकडे वापरावेत. चुंबक वापरणार असाल तर लोखंडी नट टाळावेत. लेथच्या कारखान्यात पितळेची भंगार टोके सहज मिळतात.

पावसाळ्यासाठी तळाला कमी दर्जाचे प्लायवूड नको. मरीन प्लाय घ्यावे आणि खालची बाजू व सर्व कडा रंगवून बंद कराव्यात, कारण प्लाय कडांतून पाणी पिते. फळी ओल्या भिंतीला थेट टेकवू नये, कंसांवर एक-दोन इंच पुढे ठेवावी. रूळ निकेल सिल्व्हरचे असावेत. नावात चांदी असली तरी तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे, आणि आपल्या हवेत लोखंडी रुळांना जसा गंज चढतो तसा त्याला चढत नाही. रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरे. सँडपेपर लावू नये. त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढे मळ साचतो.

फाउलिंग मार्क

खर्चाबाबत एक भर घालतो, कारण तो प्रश्न पुढे येणारच. खेळणी आणि लघुप्रतिकृतींवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे परदेशातून काय मागवायचे याची निवड करावी लागते. माझ्या मते इंजिन, दोन सांधे, कपलर आणि चाकांचे संच एवढेच मागवावे. भारतीय चारचाकी वाघिणींचे साचे तयार मिळण्याची वाट पाहू नये. ॲक्रिलिक किंवा पातळ प्लायवर लेझरने बाजू कापून त्यांची पेटी जुळवणे उद्यमनगरात सहज होते, आणि आठ वाघिणींच्या सगळ्या बाजू एकाच शीटमधून निघतात. फक्त पहिली पेटी पुठ्ठ्याची करून ती चाकांच्या संचावर ठेवावी आणि दोन्ही सांध्यांवरून ढकलून पाहावी. कपलरची उंची जुळते की नाही हे त्याच वेळी कळते, आणि कापायला दिलेल्या फाइलमध्ये तेव्हा बदल करणे फुकट असते.