मदत हवी आहे: इयरफोनच्या टोकाला लावायच्या फोमच्या टिप्स कोणी वापरल्यात का?

मंडळी, रविवारी वाशीला मित्राकडे सेनहायझर आयई ९०० हा इयरफोन ऐकला, आत एकच ७ मिमीचा डायनॅमिक ड्रायव्हर (छोट्या स्पीकरसारखा पडदा हलवून आवाज काढणारा) पण डग्ग्याचा घुमारा असा येतो की तळहात चामड्यावर घासलेला पण कळतो राव! माझा जुना चार बॅलन्स्ड आर्मेचरवाला (म्हणजे वेगळ्या जातीचे चार बारके ड्रायव्हर असलेला) इयरफोन त्यापुढे कोरडा वाटला, तंबोरा मात्र या जुन्यातच जास्त सुटा ऐकू येतो. घोळ एवढाच की माझा उजवा कान जरा वेडावाकडा आहे, जबडा हलवला की सील (टिप कानात घट्ट, हवाबंद बसणं) सुटतं आणि बेस गायब (म्हणजे वडापाव खात ऐकायचं नाही). फोमच्या टिप्सने हे थांबेल का, की वरचे सूर दबतील? रोज ठाणे-पनवेल लोकलमध्येच ऐकणार, त्या खडखडाटात एवढे पैसे घालावेत का तेही सांगा, घरी अजून आकडा सांगितलेला नाही.