चर्चा: ‘पांढऱ्या वाघां’ची १९७१ ची कामगिरी विमानवाहू नौकेच्या बाजूचा पुरावा ठरते का?

वास्कोकर:
विमानवाहू नौका परवडतात का, हा वाद निघाला की सगळे किंमतच मोजत बसतात. नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’नी, काय करून दाखवलं ते आधी बघा. १९६० साली ब्रिटनमध्ये सी हॉक या नौकेवरून उडणाऱ्या लढाऊ विमानांवर ही स्क्वाड्रन उभी राहिली. १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात आपली विमानवाहू नौका विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते. वेग कमी, म्हणजे उड्डाणासाठी डेकवर समोरून मिळणारा वाराही कमी. तिला युद्धात उतरवावं की नाही, इथपासून शंका होती. तरीही ४ डिसेंबरला सकाळी पूर्व पाकिस्तानातलं (आजच्या बांगलादेशातलं) कॉक्स बाजार आणि दुपारी चितगाव! पुढे खुलना, मंगला. विमानभेदी तोफांचा मारा झेलत रोज हल्ले चालले आणि एकही सी हॉक गमावलं नाही. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. माझ्या मते वाद इथेच मिटतो.

निळाई:
वैमानिकांच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण तुमचा निष्कर्ष पटत नाही. पूर्व पाकिस्तानात शत्रूच्या सेबर लढाऊ विमानांची एकच स्क्वाड्रन होती. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी आपल्या मिग-२१ विमानांनी फोडल्यावर तीही जमिनीवर अडकली. सी हॉकला आकाशात अडवणारं कोणी उरलंच नाही. चितगावपर्यंत हवाई दलाची हंटर विमानंही पोहोचत होती. आणि त्याच ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर कोण गेलं? निर्घात, निपात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौका. दुबळ्या शत्रूसमोरचं यश हे पराक्रमाचं मोजमाप असेल, शस्त्राच्या उपयुक्ततेचं नव्हे.

वास्कोकर:
कराचीचं काम एका रात्रीचं होतं, मारा करा आणि परत फिरा. पूर्वेला दिवसामागून दिवस समुद्र बंद ठेवायचा होता. एखादं बंदर उघडं राहिलं असतं, तर तिथून सैन्य निसटायला जागा झाली असती. शरण आलेल्या ९३ हजारांमागे लष्कराची झुंज आहेच, पण पाठीमागचा समुद्र मिटलेला होता हेही कारण आहे. शिवाय पाकिस्तानने आपली सर्वांत लांब पल्ल्याची पाणबुडी, गाझी, इतक्या दूर धाडली ती विक्रांतच्या मागावरच ना?

सुमेधा:
या इतिहासाचं फक्त एकच पान वाचायचं का? १९६१ ला गोव्याच्या वेळी विक्रांत समुद्रात होती, पण सी हॉकना हल्ला करायची वेळच आली नाही. १९६५ ला विक्रांत दुरुस्तीत. सी हॉक जामनगरला नेली, पाकिस्तानातल्या बदीनच्या रडारवर हल्ल्याची तयारी झाली आणि ऐन वेळी त्यांना मागे बोलावलं. नौका एकच असेल तर हे पुन्हा होणार. आणि सी हॉकनंतर आलेल्या सी हॅरियरचं काय? घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विमानं अपघातांत गेली, त्यांच्यासोबत तरुण वैमानिकही गेले. स्क्वाड्रनचा गौरव सांगताना ही बाजू वगळली की मला फार त्रास होतो.

हुक_डाउन:
सुमेधाताई, तो हिशोब मांडलाच पाहिजे. तरी एक गोष्ट नजरेआड होतेय. या स्क्वाड्रनने कॅटापुल्टने (विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्रणेने) झेपावणं आणि डेकवर ताणलेल्या तारेला विमानाचा हुक अडकवून थांबणं शिकलं. १९८३ च्या डिसेंबरात दाबोळीला सी हॅरियर आली आणि सगळं पालटलं: स्की-जंपवरून (डेकच्या टोकाच्या वर वळलेल्या उतारावरून) उड्डाण, सरळ खाली उतरणं. ११ मे २०१६ ला हॅरियरना निरोप दिला आणि मिग-२९के सोबत पुन्हा तारा आणि हुक. हलत्या डेकवर उतरणारा वैमानिक, विमानं हलवणारे हात, रात्री तारा तपासणारा माणूस, ही परंपरा एकदा तुटली की पैसे टाकून पाच वर्षांत परत येत नाही. युद्ध नसतानाही स्क्वाड्रन राखायची ती याचसाठी.

निळाई:
कौशल्य टिकवण्याचा मुद्दा मला मान्य आहे, आजवर या वादात ऐकलेला तो सर्वांत भक्कम आहे. पण गाझीचा दाखला माझ्याच बाजूने जातो, वास्कोकर. एका पाणबुडीच्या भीतीने विक्रांतला अंदमानात दडवावं लागलं, आणि ती विशाखापट्टणमला आहे असं भासवायला ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला पुढे करावं लागलं. आता नौकेवरून उडणाऱ्या २६ राफेल-एम लढाऊ विमानांचा करार झालाय. तेवढ्याच तातडीने पाणबुड्या आणि पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर घेतल्याशिवाय ती विमानं ज्या डेकवरून उडणार, तो डेक सुरक्षित कसा राहील, ते सांगा.