मदतनीस नाही, रेंज नाही आणि कामाला अंत नाही : अंगणवाडी सेविकांनी काय करावे?

प्रश्न : अंगणवाडी सेविका, गडचिरोली जिल्हा

नमस्कार ताईंनो. मदतनीसताई निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा रिकामीच असल्याने खिचडी शिजवणे, झाडलोट, लेकरांना शिकवणे आणि वजन-उंची घेणे हे सारे माझ्या एकटीवर आले आहे. तरीही लेकरांमुळे मी थकत नाही. ती घरी गेल्यावर सुरू होणारे मोबाइलचे काम मला थकवते. घरपोच आहारासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो आणि त्याआधीच्या आधार पडताळणीला ओटीपी लागतो. आमच्याकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा ओटीपी येणारा मोबाइल नवऱ्याबरोबर तिकडे असतो आणि गरोदर बाई माझ्यासमोर पिशवी घेऊन उभी असते. रेंजसाठी मी तिला नाल्यावरच्या पुलापर्यंत नेते. चेहरा जुळला नाही की तिचा राग माझ्यावर निघतो, आणि आकडा कमी दिसला की वरून फोनही मलाच येतो. आताशा रात्री झोप लागत नाही. यातून कोणी वाट काढली आहे का?

उत्तर १ : सेवानिवृत्त पर्यवेक्षिका, यवतमाळ

ताई, आपण अपुऱ्या पडत नसून दोन माणसांचे काम एकटीने ओढत आहात, हे आधी मनाशी पक्के करा. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, कापूस वेचणीच्या दिवसांत आया भल्या सकाळी लेकरू सोडून वावरात जात, आणि चूल पेटवायची की रडणारे मूल उचलायचे, हा प्रश्न एकट्या सेविकेपुढे रोज असे. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेले, म्हणजे तीव्र कुपोषित मूल असल्या धावपळीत नजरेआड होऊ शकते, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. म्हणून ज्या लाभार्थीची पडताळणी झाली नाही तिचे नाव, तारीख आणि कारण एका वहीत लिहीत जा. त्या नोंदीसह रिक्त पदाबाबतचा अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. आकड्यांचा जाब विचारला गेला, तर तोंडी सांगण्यापेक्षा ती पोच उपयोगी पडते.

उत्तर २ : संघटनेची कार्यकर्ती, वर्धा

वही ठेवावीच, परंतु सारे ओझे पुन्हा सेविकेच्या वहीवर टाकू नये. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले, तेव्हा ती तक्रार एकटीची राहिली नव्हती. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभ मान्य केला आणि हे काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवाद नाकारला. असे असूनही आपल्या मोबदल्याला वेतन न म्हणता मानधनच म्हणतात, आणि केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेसाठी ४,५०० व मदतनीससाठी २,२५० रुपये ठरवले, हे मला अन्यायाचे वाटते. आपल्या बीटमधल्या सर्व सेविकांनी एकाच अर्जावर सह्या कराव्यात, म्हणजे एकीलाच नोटीस काढणे कठीण जाते.

उत्तर ३ : आशा कार्यकर्ती, चंद्रपूर

अर्ज होत राहतील, पण झोपेचे दुखणे अंगावर काढू नका. उपकेंद्रात रक्तदाब तपासून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. सोमवारी बीटच्या बैठकीत सह्यांचा विषय मांडते. वर्ध्याच्या ताईंनी अर्जाचा नमुना येथे टाकावा, ही विनंती.