आई-बाबांचे रिपोर्ट: आभा काढावं, अ‍ॅप घ्यावं की पिशवीच बरी?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आई-बाबा कराडला, मी पुण्यात. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह जुना, २०१६ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. आता क्रिएटिनिन वाढतंय म्हणून किडनीचे डॉक्टरही सुरू झालेत. आईला थायरॉइड आणि गुडघेदुखी. हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला, किडनीचे पुण्यात, फॅमिली डॉक्टर गल्लीतच. तिघांची एकमेकांशी गाठ नाही, निरोप्या मीच. कागद साड्यांच्या दुकानाच्या पिशव्यांत, आणि हवा तो नेमका दुसऱ्या पिशवीत.

त्यात परवा लॅबने रिपोर्ट थेट बाबांच्या मोबाइलवर पाठवला. डॉक्टरांनी बघायच्या आधीच बाबांनी ठळक छापलेले आकडे वाचले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

सरकारी आभा (डिजिटल आरोग्य खातं) काढल्याने हे सुटेल का? कोणतं अ‍ॅप बरं? मस्कतचा भाऊ म्हणतो, सगळं स्कॅन कर आणि ड्राइव्हवर टाक. त्याचं काय जातंय म्हणायला! अनुभवी लोकांनी सांगा.

टेबल नंबर ४:
हॉस्पिटलच्या काउंटरवर बसतो, म्हणून आधी रोजचा एक गोंधळ मिटवतो. आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. लोक आभा दाखवून विचारतात, "आता ऑपरेशन फुकट ना?" आभा हा नुसता १४ अंकी ओळख क्रमांक आहे. उपचाराच्या पैशांची सोय वेगळी. तुमचे बाबा सत्तरीपुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. चालतं मात्र योजनेतल्या हॉस्पिटलांतच.

आता आभाबद्दल. आधारवरून निघतं, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. जुना नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्या. सोय असलेल्या दवाखान्यात क्यूआर स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं, केसपेपरची रांग वाचते. रिपोर्ट मात्र तेव्हाच दिसतात, जेव्हा ते हॉस्पिटल किंवा लॅब या व्यवस्थेला जोडलेली असते आणि तिथे तुम्ही आभा नंबर दिलेला असतो. २०१६ ची अँजिओग्राफी त्यात आपोआप उगवणार नाही. जुनं सगळं तुम्हालाच चढवायचं आहे, मग आरोग्य सेतू घ्या नाहीतर डिजिलॉकर. अ‍ॅपवरून डोकं शिणवू नका.

शंकेखोर:
म्हणजे बाबांची साखर, हृदय, किडनी सगळं कुठल्या तरी सर्व्हरवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तिथे हाताने कागद लिहून काम चालवावं लागलं. एम्सची ही गत, तर आपल्या नाक्यावरच्या लॅबचं काय? मी पिशवीवाला.

टेबल नंबर ४:
शंकेखोर, आभात कागद एका जागी गोळा होत नाहीत. ज्याने रिपोर्ट केला त्याच्याकडेच तो राहतो. दुसऱ्या डॉक्टरांना हवा असेल तर मोबाइलवर संमती मागितली जाते. कोणते रिपोर्ट आणि किती दिवस, हे आपण ठरवायचं, नंतर संमती काढूनही घेता येते. आणि आभा ऐच्छिक आहे, सक्ती नाही. पण मूळ लॅबचंच कुलूप ढिलं असेल तर तुमची शंका रास्त. मला त्याहून मोठा धोका काउंटरवर दिसतो. वयस्कर माणसं सरळ फोनच पुढे करतात, "तूच बघ बाळा काय तो ओटीपी." संमती कशाची दिली, हे त्यांना कोणीच सांगत नाही.

तालुका फिजिशियन:
डॉक्टरच्या बाजूने लिहितो. कृपा करून दोनशे पानांची पीडीएफ पाठवू नका. ओपीडीत बाहेर माणसं बसलेली असतात, ती पीडीएफ मी वर-खाली करतो आणि शेवटी तुम्हालाच विचारतो, "काय काय झालंय?"

मला एक पान हवं. वर आजार आणि साल. मग स्टेंट (रक्तवाहिनीतली जाळी) कधी आणि कोणत्या रक्तवाहिनीत बसवला. कशाची अ‍ॅलर्जी आहे. चालू गोळ्या, ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही, कारण कोल्हापूरचा ब्रँड आणि पुण्याचा ब्रँड वेगळा असतो आणि पेशंट एकच गोळी दोन नावांनी घेत बसतो. खाली क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), तारखेनुसार ओळीने.

ही ओळ फार मोलाची. समजा क्रिएटिनिन आधी १.१, मग १.३, मग १.६, आणि तिन्ही लॅब वेगळ्या. सुटा १.३ बघून कोणी दचकत नाही. तिन्ही एकाखाली एक दिसले की मी औषधांची यादी परत काढतो. ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करावी लागते, त्याआधीच डोस कमी करायचा विचार सुरू होतो. पिशवीत हे सगळं असतं, पण दिसत नाही. डिजिटलचा मला झालेला खरा फायदा एवढाच, की क्रम लागतो.

आणि गोळ्यांच्या यादीत दुकानातून आणलेल्या, शेजाऱ्याने दिलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या लिहा.

स्कॅनची सुरुवात ईसीजीपासून करा. तो थर्मल कागद असतो, अक्षरं उडतात. मग डिस्चार्ज कार्ड, मग अँजिओग्राफी. बाकीचं सावकाश.

सीडीवाला:
अँजिओग्राफी, एमआरआयची सीडी असेल तर आजच पेन ड्राइव्हवर उतरवा. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून काही कळत नाही, मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून निघालेली डिजिटल प्रत) द्या. कागदाचा फोटोही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर आकडे पुसट होतात.

हॉस्पिटलमध्ये भरती असतानाचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असा २००२ पासून मेडिकल कौन्सिलचा नियम आहे. मात्र तो ३ वर्षंच जपून ठेवायला सांगतो. २०१६ चं तिथे मिळालं तर नशीब.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, यादी करायला फोन लावला तर भलतंच निघालं. आईला गुडघ्यासाठी दिलेली डायक्लोफेनॅक बाबाही कंबर दुखली की घेतात. "घरातलीच गोळी आहे की" म्हणे! तिघांपैकी एकाही डॉक्टरांना हे माहीत नाही. आणि दुसरं, बाबा हल्ली रिपोर्टचा आकडा गूगलवर टाकतात, वर एआयला विचारतात. त्यांना कसं आवरू?

तालुका फिजिशियन:
ती गोळी आजपासून बंद, आणि किडनीच्या डॉक्टरांना आजच कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. वाढत्या क्रिएटिनिनमध्ये ही वेदनाशामकं वाईट. कंबरेसाठी काय घ्यायचं ते तेच सांगतील.

वाचण्यापासून आवरू नका. माणूस ७४ व्या वर्षी स्वतःचा रिपोर्ट वाचतोय. दोनच गोष्टी ठरवून घ्या. वाचून स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी सोडायची वा सुरू करायची नाही, स्टेंटनंतरची अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन तर अजिबात नाही. आणि जे प्रश्न पडतील ते कागदावर लिहून आणायचे. लॅबला तुमचाही नंबर द्या, म्हणजे रिपोर्ट दोघांना एकदम येईल.

आणि पिशव्या उपसताय तर लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनीतून गळणाऱ्या प्रथिनाची) तपासणी शेवटची कधी झाली ते बघा. सापडली नाही तर पुण्याच्या भेटीत विचारा.